सीपीआरचे प्रमाणपत्र दोन वर्षांचे, पण हाताची सवय किती दिवसांची?

दुधनाकाठ

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. येथे आरोग्य सेवेतील बरेच सदस्य आहेत, म्हणून बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न मांडते.

मागच्या श्रावणात, रात्रपाळीला, छातीत दुखते म्हणून आलेले पन्नाशीचे एक गृहस्थ वॉर्डात आणता आणताच कोसळले. मी हाक मारली, नाडी पाहिली आणि छाती दाबायला सुरुवात केली. माझ्या फाइलमध्ये सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणे व श्वास देणे) शिकवणाऱ्या बीएलएस या प्राथमिक जीवनरक्षण वर्गाचे प्रमाणपत्र होते. ते घेऊन चौदा महिने झाले होते आणि दोन वर्षांची मुदत संपायला अवकाश होता. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास, हे सारे तोंडपाठ होते. प्रत्यक्षात मात्र मी दाबते आहे ती छाती खाली जाते आहे की गादी, हेच मला उमगत नव्हते. खाट उंच होती आणि माझे कोपर वाकत होते. अंबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) मास्क चेहऱ्यावर नीट बसेना, कडेने हवा निसटत राहिली. वॉर्डातले मामा शेजारीच उभे होते. मदत करायची त्यांची पूर्ण तयारी होती, पण अशा वेळी काय करायचे असते हे त्यांना कधी कुणी सांगितलेच नव्हते. डॉक्टर धावत आले, आम्ही चाळीस मिनिटे प्रयत्न केले, गृहस्थ गेले. सारे बिनचूक झाले असते तरी ते कदाचित गेलेच असते, हे मी जाणते. परंतु त्या रात्रीपासून त्या प्रमाणपत्राकडे पाहताना मला समाधान वाटत नाही.

तुमच्याकडे दोन प्रशिक्षणांच्या मधल्या काळात हा सराव कसा टिकवतात? आणि प्रशिक्षण फक्त डॉक्टर व परिचारिकांनाच द्यावे, की मामा, मावशी, रुग्णवाहिकेचे चालक या सर्वांना? आमचा वर्ग इंग्रजी चित्रफितींवर झाला होता. तो मराठीत झाला असता तर काही फरक पडला असता का, हेही जाणून घ्यायचे आहे.

---

शेंदूरवादा

ताई, हाच अनुभव मी दोनदा घेतला आहे. फरक इतकाच की माझ्याजवळ तो लिहून काढण्याचे धैर्य नव्हते. उत्तरांची वाट पाहतो.

---

गोदातीर

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे जीवनरक्षक प्रशिक्षणाचे वर्ग घेतो. दुधनाकाठ यांनी जे लिहिले ते त्यांच्या एकट्यांच्या बाबतीत घडलेले नाही. छाती दाबण्याचे व मास्क धरण्याचे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. प्रमाणपत्राची दोन वर्षे ही नोंदवहीच्या सोयीची मुदत आहे; हाताची स्मृती त्या मुदतीला बांधलेली नाही. म्हणूनच अलीकडे दोन वर्षांतून एकदा दिवसभर वर्ग घेण्याऐवजी दर महिन्या-दोन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटे हात चालवून घेण्यावर भर दिला जातो. गायकाचा रियाज आणि पैलवानाची जोर-बैठक ज्या कारणासाठी रोज असते, तेच कारण येथेही आहे.

आपल्या देशापुरते सांगायचे तर भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये तीन पातळ्यांच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याचा सोपा क्रम, रुग्णालयाबाहेर काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींसाठी त्यापुढचा, आणि रुग्णालयातल्या चमूसाठी औषधे व शॉक (हृदयाला यंत्राने दिलेला विजेचा झटका) यांसह सविस्तर क्रम, अशी ती रचना आहे. तुमचे मामा व मावशी पहिली पातळी एका दुपारी शिकू शकतात. त्यांना ती न शिकवण्याचे एकही कारण मला सापडत नाही.

गादीविषयी: मऊ गादीवर तुमच्या दाबाचा बराचसा भाग गादीच खाऊन टाकते. पाठीखाली लाकडी फळी सरकवा आणि खाटेजवळ पायाखाली घेण्यासाठी भक्कम पायरी ठेवा. खांदे थेट हातांच्या वर आले की कोपर आपोआप सरळ राहतात आणि दाब दंडाच्या बळावर न देता अंगाच्या वजनाने दिला जातो.

---

बालाघाटचा_एमओ

मी येथे वेगळे मत नोंदवतो. कटू वाटले तर क्षमा असावी. मी डोंगरपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ वर्षे काढली आहेत. आमच्याकडे शॉक मशीन नाही, व्हेंटिलेटर नाही, अतिदक्षता विभाग सत्तर किलोमीटरवर आहे. हृदय थांबलेला माणूस छाती दाबून परत आणला तरी त्याला पुढे ठेवायचे कोठे? शॉकची गरज असलेल्या रुग्णाला सीपीआर मिळाला नाही तर दर मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे आम्हाला शिकवले. आमच्या केंद्रापर्यंत रुग्ण पोहोचेतो अर्धा तास उलटलेला असतो. अशा ठिकाणी एसीएलएसचे (प्रगत जीवनरक्षणाचे) महागडे वर्ग भरवण्यापेक्षा तोच पैसा ऑक्सिजन, चालू स्थितीतले सक्शन (घशातला द्रव ओढून काढणारे यंत्र) आणि वेळेवर येणारी रुग्णवाहिका यांवर खर्च व्हावा. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. साधनांवाचूनच्या प्रशिक्षणाने आपण स्वतःची समजूत घालत आहोत, ही माझी तक्रार आहे.

---

मांजराकाठ

बालाघाटचा_एमओ यांच्या तक्रारीतला साधनांचा मुद्दा पूर्ण मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

मी १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली आणि मी तिच्या सुरुवातीच्या वर्षांत लातूर-धाराशिव पट्ट्यात काम केले. पुस्तकातला ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ हा प्रथम हृदयाचा आजार असतो. आपल्या दारात येणाऱ्या रुग्णांत मात्र श्वास आधी थांबतो आणि हृदय मागाहून थांबते, असे कितीतरी असतात: मण्यार चावलेला माणूस, कीटकनाशक प्यायलेला शेतकरी, विहिरीत बुडालेले पोर, जन्मल्यावर न रडलेले बाळ. या सर्वांना शॉक मशीन लागत नाही. त्यांना लागते ती नीट धरलेली अंबू बॅग आणि ती न थकता दाबणारे हात.

एक प्रसंग सांगतो. जूनमध्ये पहाटे एका वस्तीवरून फोन आला. पंचविशीतली बाई अंगणात जमिनीवर झोपली होती. पोटात दुखते म्हणून उठली आणि थोड्या वेळात पापण्या उघडेनाशा झाल्या. चाव्याची खूण दिसत नव्हती, आणि मण्यारीच्या बाबतीत हे असेच असते. चावा दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून घरच्यांना सापाची शंकाही येत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तिचा श्वास अगदी वरवरचा झाला होता आणि वाटेत तो थांबलाच. नाडी चालू होती. मी मास्क दोन्ही हातांनी धरला आणि आमच्या गाडीच्या पायलटने गाडी चालवायची असल्यामुळे बॅग दाबायला तिच्या दिरालाच बसवले. त्याला एवढेच सांगितले: “छाती वर येताना दिसली की सोडा, मग सहा मोजा, मग पुन्हा दाबा.” त्याने दोन तास ते केले. सर्पविषाची लस तिला मिळाली, पण मण्यारीचे विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना भिडले की लस ते पुरते उलटवू शकत नाही; विषाचा अंमल उतरेपर्यंत श्वास पुरवत राहणे हाच खरा उपचार असतो. चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून ती बाई चालत घरी गेली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आपल्या भागातल्या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ बॅग-मास्कला द्यावा. सध्याच्या वर्गांत तो पाच मिनिटांत उरकला जातो.

---

गोदातीर

मांजराकाठ, आपल्या शेवटच्या वाक्याला माझे संपूर्ण अनुमोदन आहे, आणि त्यात माझ्याही वर्गांवर जी टीका आहे ती मी स्वीकारतो.

एक भर घालतो. एकट्याने एका हाताने मास्क धरून दुसऱ्या हाताने बॅग दाबणे अवघड असते. आम्हा भूलतज्ज्ञांनाही ते रोजच्या सरावामुळे जमते. दोन माणसे असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, जबडा उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. हा एक हिशेब समजला की कडेने निसटणारी हवा थांबते.

दुसरी चूक घाईची. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस-चाळीस वेळा बॅग दाबतो. नाडी चालू असलेल्या प्रौढाला दर सहा सेकंदांनी एक श्वास पुरतो, तोही छाती उचललेली दिसेल एवढाच. जास्त हवा पोटात जाते, पोट फुगते, उलटी होते आणि ती फुप्फुसांत उतरते. छातीत सतत हवा कोंबल्याने हृदयाकडे परतणारे रक्तही अडते.

---

सेवानिवृत्त_परिसेविका

मी बत्तीस वर्षे सरकारी रुग्णालयांत सेवा केली आणि आता अंबाजोगाईत राहते. मी शिकले तेव्हा आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण असा क्रम होता. २०१० मध्ये तो बदलला आणि छाती दाबणे पहिल्या स्थानावर आले. जुनी सवय मोडायला आम्हाला पुष्कळ दिवस लागले. बुडालेल्या माणसाला मात्र आजही आधी श्वास द्यायचे असतात, हे नव्या मुलींना शिकवताना मी आवर्जून सांगत असे, कारण आपल्याकडे विहिरी आहेत, शेततळी आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला जाणारी पोरे आहेत.

दुधनाकाठ यांनी भाषेचा प्रश्न विचारला आहे आणि त्याला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. मी मावशींना सीपीआर शिकवायला घेतला तेव्हा त्या मराठीत मोजू लागल्या: एक, दोन, तीन. दहापर्यंत ठेका सुरेख पडे. पुढे अकरा, बारा, तेरा येताच हात मंदावत आणि ‘एकोणीस’, ‘सत्तावीस’, ‘एकोणतीस’ या आकड्यांशी तर दाब थबकूनच जात. आपले दहापर्यंतचे आकडे बहुतेक एका ठोक्याचे आहेत आणि त्यापुढचे दोन-तीन ठोक्यांचे. मग मी त्यांना दहाचे तीन फेरे शिकवले: एक ते नऊ आणि ‘दहा’, पुन्हा एक ते नऊ आणि ‘वीस’, पुन्हा एक ते नऊ आणि ‘तीस’. शेवटचा ‘तीस’ मोठ्याने म्हणायचा, म्हणजे बॅग धरलेल्या व्यक्तीला आपली पाळी आल्याचे कळते. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात कुणाचा ठेका चुकलेला मला आठवत नाही.

---

शेंदूरवादा

आपला प्रतिसाद वाचून आत्ताच घड्याळ लावून उशीवर मोजून पाहिले. एकपासून तीसपर्यंत सरळ मोजताना एकवीस सेकंद लागले. दहाच्या तीन फेऱ्यांनी सतरा. तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत व्हायला हवेत, म्हणजे पहिल्या पद्धतीत मी मिनिटाला शंभरच्या बराच खाली होतो. इतकी वर्षे मला वाटत होते की मी दमतो म्हणून मंदावतो.

---

आयटीवाला_जालना

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. मोबाइलमध्ये मेट्रोनोम असतो, तो ११० वर लावून खाटेशेजारी ठेवला तर मोजण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे सुचवावेसे वाटते.

---

सेवानिवृत्त_परिसेविका

सरावाच्या वेळी जरूर लावा, त्याने कान तयार होतो. खऱ्या प्रसंगी मोबाइल कोणाच्या खिशात आहे आणि त्याचे कुलूप कोण उघडणार, यात वीस सेकंद जातात. शिवाय मोठ्याने मोजण्याचा उपयोग फक्त दाबणाऱ्याला नसतो. साऱ्या खोलीला कळते की काम कोठवर आले आहे.

---

पैठणची_एएनएम

मी उपकेंद्रात प्रसूती करते, म्हणून बाळांविषयी लिहिते. २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात आम्हाला जे शिकवले ते मला आजवर सर्वाधिक उपयोगी पडले आहे, आणि त्याचे कारण असे की ते नेमके आमच्या कामाचे होते. बाळ रडले नाही तर कोरडे करा, ऊब द्या, श्वासमार्ग मोकळा करा, पाठ चोळा, आणि तरीही श्वास नसेल तर जन्मापासून एका मिनिटाच्या आत बॅग-मास्क सुरू झाले पाहिजे. ‘दाबा, दोन, तीन, दाबा, दोन, तीन’ असे म्हणत मिनिटाला चाळीस ते साठ श्वास. बहुतेक बाळांना यापुढे काहीच लागत नाही. छाती हलू लागली की हृदयाचे ठोके वाढतात आणि रंग पालटतो. छाती दाबण्याची वेळ क्वचित येते आणि आली तर तीन दाबांना एक श्वास असा हिशेब असतो.

मी प्रत्येक प्रसूतीआधी, बाई कळा देत असतानाच, बाळाची बॅग जोडून तळहातावर दाबून पाहते, मास्क बसतो का ते पाहते, घड्याळ चालू आहे का ते पाहते. हा सराव मुद्दाम वेगळा करावा लागत नाही, कामातच होऊन जातो. मोठ्यांच्या वॉर्डात पाळी बदलताना इमर्जन्सी ट्रे तपासण्याच्या वेळी असेच करता येणार नाही का?

---

दुधनाकाठ

ताई, हे मला सुचले नव्हते. आम्ही ट्रे तपासतो म्हणजे औषधांच्या मुदतीच्या तारखा वाचतो आणि वहीत सही करतो. बॅग हातात घेऊन दाबून पाहत नाही.

---

मांजराकाठ

पाहाच. बॅगची झडप उलटी बसवलेली असणे, रबर चिकटलेले असणे, ऑक्सिजनची नळी सिलिंडरला न बसणारी असणे, लॅरिंगोस्कोपचे (घशात आत पाहण्याच्या उपकरणाचे) सेल उतरलेले असणे, या चारही गोष्टी मी निरनिराळ्या ठिकाणी, रुग्ण समोर असताना पाहिल्या आहेत. आणि वीज जाते हे धरून चला. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) आणि विजेचे सक्शन एकाच वेळी बंद पडतात. पायाने चालणारे सक्शन कपाटाच्या वर धूळ खात असेल तर खाली काढून ठेवा.

---

बालाघाटचा_एमओ

मांजराकाठ यांचा मण्यारीचा प्रसंग दोनदा वाचला. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी हृदय थांबण्यापुरताच विचार केला होता, हे मान्य करतो. आमच्या भागातल्या दोन गोष्टी मीही जोडतो, कारण त्या कोणत्याही वर्गात मला शिकवल्या गेल्या नाहीत आणि मी त्या नंतर वाचून शिकलो.

पहिली वीज पडण्याची. मृगाच्या आगेमागे आणि परतीच्या पावसात आपल्याकडे वीज पडून माणसे दगावतात. लिंबाखाली किंवा बाभळीखाली चार-पाच जण एकदम सापडतात. अपघातात आपण नेहमी श्वास चालू असलेल्यांना आधी पाहतो आणि निपचित पडलेल्याला शेवटी. विजेच्या बाबतीत क्रम उलटा असतो. जो कण्हतो आहे तो बहुधा जगतो. जो निपचित आहे त्याच्याकडे आधी धाव घ्यायची, कारण विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुष्कळदा आपणहून पुन्हा चालू होते, पण मेंदूतले श्वासाचे केंद्र त्यानंतरही काही वेळ बधिर राहते. त्या अवधीत कुणी श्वास दिला नाही तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. अशा माणसाच्या अंगात वीज उरलेली नसते. त्याला शिवायला घाबरू नये, हे गावात आशाताईंमार्फत सांगण्यासारखे आहे. मोटारीच्या स्टार्टरचा किंवा तुटलेल्या तारेचा शॉक असेल तर मात्र वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. या दोन सूचना लोक एकमेकांत मिसळतात.

दुसरी कीटकनाशकाची. अशा रुग्णाला तोंडाने श्वास देऊ नये. बॅगच वापरावी, हातमोजे घालावेत, भिजलेले कपडे काढावेत. तोंडातून फेस आणि छातीत पाणी असते, म्हणून सक्शनवाचून बॅगही चालत नाही. अ‍ॅट्रोपिन (या विषावरचे औषध) आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच वेळी सुरू व्हावे लागतात, म्हणजे किमान तीन माणसे लागतात, आणि रात्री माझ्याकडे एक परिचारिका व एक शिपाई असतात. शिपायाला शिकवले पाहिजे, हे लिहिता लिहिताच मला पटत आहे.

---

पूर्णामाय

एक अडचण मोकळेपणाने विचारते. मी नव्याने रुजू झालेली परिचारिका आहे. मोठे डॉक्टर छाती दाबत असतील, दोन मिनिटे उलटून गेली असतील, दाब उथळ पडू लागला असेल, तर त्यांना “थांबा, आता मी घेते” असे कोण म्हणणार? मी तरी म्हणू शकले नाही.

---

सेवानिवृत्त_परिसेविका

बाळ, ही अडचण फार खरी आहे आणि पुस्तकात तिला एक ओळसुद्धा मिळत नाही. मी असा नियम केला होता: पहिल्या क्षणी एका व्यक्तीच्या हाती घड्याळ आणि कागद द्यायचा. ती कोणीही असो, एखादी शिकाऊ मुलगी असली तरी चालेल. दर दोन मिनिटांनी तिने “दोन मिनिटे झाली, हात बदला” असे म्हणायचे आणि खोलीतल्या प्रत्येकाने ते ऐकायचे. तिने कुणाला नावाने टोकायचे नाही, हुद्द्याने टोकायचे नाही. ती घड्याळ वाचते आहे. आमच्या शल्यचिकित्सकांनी पहिल्याच दिवशी सर्वांसमोर तिचे ऐकून हात सोडले आणि पुढे कुणाला संकोच वाटला नाही. दोन मिनिटांत माणूस दमतो, त्याला स्वतःला ते जाणवायच्या आधीच दाब उथळ होतो. यात मानापमान नाही, स्नायूंची मर्यादा आहे.

औषधाचेही तसेच. “अ‍ॅड्रिनलीन द्या” असे हवेत म्हणू नये. “सिस्टर, अ‍ॅड्रिनलीन एक मिलिग्रॅम शिरेतून द्या” असे म्हणावे, आणि सिस्टरने “अ‍ॅड्रिनलीन एक मिलिग्रॅम दिले, दोन वाजून दहा मिनिटे” असे परत सांगावे. पुढचा डोस तीन ते पाच मिनिटांनी असतो. वेळ बोलली गेली नाही तर कोणी सांगते तीनदा दिले, कोणी सांगते दोनदा.

---

गोदातीर

परिसेविका बाई, आपली अनुमती असेल तर दहाच्या तीन फेऱ्या आणि घड्याळवालीचा नियम मी माझ्या पुढच्या वर्गापासून शिकवीन.

---

सेवानिवृत्त_परिसेविका

अनुमती कशाला, डॉक्टर? शिकवा.

---

भोकरदनकर

सरावासाठी डमी कोठून आणायची, हा प्रश्न राहिला. आम्ही ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळून, त्यावर फळी आणि गोधडी बांधून छाती तयार केली आहे. दाबल्यावर परत वर येते. खर्च जवळजवळ काहीच नाही.

---

गोदातीर

ठेका, कोपर, खांद्यांची स्थिती आणि दर दोन मिनिटांनी हात बदलण्याची शिस्त यांसाठी ती उत्तम आहे. खोलीसाठी तिच्यावर विसंबू नका; तुमची ट्यूब आणि माणसाची छाती यांचा ताठपणा सारखा नसतो, आणि हाताला चुकीची खोली लागली तर ती खऱ्या रुग्णावर उतरते. डमी तयार करण्याचे काम नॉर्वेतल्या अस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने १९६० मध्ये केले तेव्हा त्याचाही कस इथेच लागला होता: दाबल्यावर छाती माणसासारखी खाली गेली पाहिजे आणि मान मागे केल्याशिवाय हवा आत जाता कामा नये. वर्षातून दोन-तीनदा तरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा वैद्यकीय महाविद्यालयातून खरी डमी मागवून घ्या. निरोगी माणसाच्या छातीवर सराव कधीही, गमतीनेसुद्धा, करू नये.

लहान मुलांचे शिकवताना जुने तक्ते तपासून घ्या. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबण्याची पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत वगळली आहे. दोन्ही अंगठ्यांनी, हात छातीभोवती घेऊन, किंवा एका तळहाताच्या टाचेने दाबावे. खोली सुमारे ४ सेंटिमीटर.

---

पूर्णामाय

आणि नातेवाईक? आमच्याकडे एका रुग्णामागे जीपभर माणसे येतात. सारी खाटेभोवती उभी राहतात, कुणी रडते, कुणी ओरडते, आणि आपण छाती दाबतो तेव्हा “बरगड्या मोडाल” म्हणून हात धरतात.

---

मांजराकाठ

त्यासाठीही एक माणूस आधीच नेमून ठेवावा लागतो, आणि येथे मामांइतके योग्य कोणी नाही, कारण त्यांना गावातली निम्मी माणसे ओळखतात. घरातल्या एका जाणत्या व्यक्तीला आत राहू द्यावे, बाकीच्यांना दाराबाहेर न्यावे आणि जे चालले आहे ते सांगत राहावे: “हृदय थांबले आहे, डॉक्टर आणि सिस्टर ते हातांनी चालवत आहेत, बरगडीला इजा होऊ शकते, पण थांबलो तर माणूस जाईल.” ज्याने प्रयत्न डोळ्यांनी पाहिले, त्याच्या मनात पुढे संशय उरत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि रुग्ण गेल्यावर ती बातमी बाहेर उभ्या राहणाऱ्याने देऊ नये. ज्याने प्रयत्नांचे नेतृत्व केले त्या डॉक्टरांनी स्वतः, बसून सांगावी.

---

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात मी हा सारा धागा आमच्या वैद्यकीय अधीक्षकांना वाचायला दिला. त्यांनी दर मंगळवारी दुपारी, बाह्यरुग्ण विभाग उरकल्यावर, पंधरा मिनिटे ठरवून दिली आहेत. काल पहिला मंगळवार झाला. आम्ही पाच परिचारिका, दोन मामा, तीन मावशी, रुग्णवाहिकेचे चालक आणि एक डॉक्टर होतो. ट्रेमधली बॅग काढली तर तिची झडप खरोखरच चिकटलेली निघाली, ती बदलली. पायाचे सक्शन भांडारात सापडले आणि चालू आहे. घड्याळ आणि कागद सर्वांत धाकट्या मावशींच्या हाती दिला. पहिल्यांदा “हात बदला” म्हणताना त्यांचा आवाज निघेना. डॉक्टरसाहेबांनी हात उचलले आणि “मोठ्याने म्हणा मावशी, मला ऐकू आले पाहिजे” असे सांगितले. तिसऱ्या वेळेस तो आवाज पार व्हरांड्यात ऐकू गेला.

त्या रात्री जे मामा शेजारी उभे होते, त्यांनी काल सलग दोन मिनिटे छाती दाबली. नंतर ते मला म्हणाले, “सिस्टर, त्या रात्री मला हे येत असतं तर तुमचे हात मोकळे झाले असते.” मला त्यांना उत्तर देता आले नाही.

गोदातीर सर, एकच विचारायचे राहिले. फळीसाठी सुतार उद्या येणार आहे. तिचे माप काय सांगू?

---

गोदातीर

लांबी रुग्णाच्या खांद्यांपासून कमरेपर्यंत आणि रुंदी खाटेच्या रुंदीएवढी असू द्या, म्हणजे ती गादीत रुतत नाही. पातळ पण न वाकणारे प्लायवूड घ्या, कडा घासून गुळगुळीत करून घ्या आणि उचलण्यासाठी वरच्या बाजूला हात जाईल एवढी खाच ठेवायला सांगा. इमर्जन्सी ट्रेजवळच्या भिंतीलाच खिळा मारून टांगा. कुलूपबंद कपाटात ठेवू नका.